सही न करणारा जावई

धर्मगुरूच्या कामाला पेन्शन नसते, पण बदल्या मात्र सरकारी खात्यासारख्याच होतात. मी मूळचा श्रीरामपूरकडचा. बिशपांनी मला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत निम्मं आयुष्य फिरवलं आणि आता सत्तरी उलटल्यावर सांगलीतल्या चर्चच्या मागच्या एका खोलीत आणून ठेवलं आहे. खोली बरी आहे. सकाळी ऊन येतं, दुपारी झोप येते. तक्रारीला फारशी जागा नाही, आणि शोधायची म्हटली तरी आता उत्साह नाही.

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "फादर, कन्फेशनमधलं काहीतरी लिहा ना. नावं बदलून." आमच्यात माणूस धर्मगुरूपुढे आपली पापं कबूल करतो, त्याला कन्फेशन म्हणतात. तिथलं एक अक्षर बाहेर काढायचं नसतं. नाव बदलून नाही, गाव बदलून नाही, तो माणूस मेल्यावरही नाही. त्यामुळे माझ्या धंद्यातले सगळ्यात चांगले किस्से माझ्याबरोबर मातीत जाणार आहेत. त्याला माझा इलाज नाही. खाली आहे ते सगळं कन्फेशनच्या बाहेर, उघड्या दाराच्या ऑफिसात, फोनवर नाहीतर येता-जाता झालेलं आहे, आणि ज्यांच्याबद्दल आहे ते "लिवा की" म्हणालेले आहेत.

गावाकडे येण्याआधी मी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू तयार करण्याच्या शाळेत, अकरा वर्षं मास्तर होतो. माझा विषय नीतीचा. लोकांना वाटतं, आमचं नीतिशास्त्र म्हणजे पापांची यादी: हे करू नका, ते करू नका. यादी आहे, नाही असं नाही. पण आमचे जुने आचार्य यादीपासून सुरुवात करत नसत. ते आधी विचारत, हा माणूस आतून कसा होत चालला आहे? सद्गुण म्हणजे अंगात मुरलेली चांगली सवय. एक दिवस खरं बोलल्यानं कुणी सत्यवादी होत नाही. खरं बोलता बोलता एके दिवशी खोटं बोलणं जड जायला लागतं, तेव्हा तो सद्गुण झाला. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार सद्गुण कुणालाही सरावानं कमावता येतात. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन मात्र देवाकडून मिळावे लागतात.

इथवर ठीक होतं. पुढे मी वर्गात एक वाक्य टाकत असे. "श्रद्धेवाचून चार सद्गुण म्हणजे अढीत न घातलेला आंबा. दिसायला आंबाच, पण पिकत नाही." पोरं ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत मलाच परत लिहून देत. मीही खुशीत मार्क देत असे.

अशा तयारीनिशी मी सांगलीला आलो. आल्या आल्या कळलं की इथे धर्मगुरूचं मोठं काम म्हणजे चारित्र्याचे दाखले देणं. नोकरीला, शाळेच्या प्रवेशाला, भाड्याच्या घराला, सगळ्याला "फादर, कॅरेक्टर सर्टिफिकेट द्या." आधीचे फादर एकच मजकूर सगळ्यांना देत: सदर इसम सद्वर्तनी आहे. मी नीतीचा मास्तर! मला ते पटेना. मी प्रत्येकाचं खरंखुरं चारित्र्य लिहायला लागलो. माधवनगरच्या एका मुलाला लिहून दिलं, "कष्टाळू आहे. न्यायबुद्धी चांगली. धैर्य मध्यम. संयम अलीकडे वाढीस लागला आहे." तो मुलगा कंपनीत गेला आणि तासाभरात परत आला. त्याच्यामागून त्याचे वडील, गिरणीतून निवृत्त झालेले योसेफ साळवे, हातात दाखला धरून आले.

"फादर, आवं, हे काय लिवलंय? संयम वाढीस लागलाय म्हंजे आधी न्हवता असं झालं की!"

"नव्हताच ना," मी म्हणालो.

"व्हय, पण ते तुमी आन् मी जाणतो. कंपनीला कशाला?"

मग मीही मुकाट्यानं जुना मजकूर देऊ लागलो. त्या मुलाला नोकरी लागली. साळवे मामांनी मला त्याबद्दल माफ केलं, पण पुढे कितीतरी दिवस रविवारी चर्चच्या पायरीवर ते मला विचारत, "काय फादर, आज संयम कसा काय?"

आता मुख्य गोष्ट. ती याच साळव्यांच्या मुलीची आहे.

ॲग्नेस साळवे इस्पितळात नर्स होती. शांत आणि कामाला वाघ. ती एक दिवस ऑफिसात आली ती एका उंच, सावळ्या मुलाला घेऊन. मुलाला मी ओळखत होतो. सुकुमार मगदूम. विश्रामबागेत त्याची माती आणि पाणी तपासायची लॅब होती. आमच्या आवारातल्या विहिरीचं पाणी मी त्याच्याकडेच तपासायला दिलं होतं आणि त्यानं पिण्यास अयोग्य असा रिपोर्ट देऊन माझी पंचाईत केली होती. "अहो, चाळीस वर्षं लोक पितायत," मी म्हटलं होतं. "म्हणून ते पिण्यालायक होत नाही," तो म्हणाला होता. रागाचा लवलेश नव्हता, पण रिपोर्ट काही बदलला नाही.

मगदूम म्हणजे इकडचे जैन शेतकरी. ऊस, हळद, थोडी द्राक्षं. सूर्य मावळल्यावर न जेवणारं, कंदमुळं वर्ज्य असलेलं घर. आणि ॲग्नेसला या मुलाशी लग्न करायचं होतं, तेही चर्चमध्ये.

आमच्यात याला बंदी नाही. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचं तर बिशपांची खास परवानगी लागते आणि तिच्यासाठी धर्मगुरूला अर्ज तयार करावा लागतो. त्या परवानगीविना कचेरीत लग्न लावलं, तर ॲग्नेसला पुढे चर्चमध्ये येऊन बसता येईल, पण ख्रिस्तप्रसाद, म्हणजे रविवारी मिळणारी पवित्र भाकर, घेता येणार नाही. आमच्या लोकांना हे किती लागतं ते बाहेरच्यांना सांगून समजणार नाही. पंगतीत बसवायचं आणि पान मांडायचं नाही, असं ते आहे. ॲग्नेस लहानपणापासून एकही रविवार न चुकवणारी मुलगी.

मी कपाटातून फॉर्म काढला. जुना, सायक्लोस्टाईल केलेला, माझ्या आधीच्या आधीच्या फादरांच्या वेळचा. त्यात दोघांनी सही करायची होती: होणारी मुलं कॅथलिक श्रद्धेत वाढवू, असं वचन. ॲग्नेसनं लगेच सही केली. सुकुमारनं फॉर्म दोनदा वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला.

"मी सही करणार न्हाई, फादर."

"का?"

"मूल अजून झालेलं न्हाई. त्याचं आजच मी कसं ठरवू? आमच्या घरात बी एक धर्म हाय. ॲग्नेसनं वचन द्यावं, तिला मी आडवणार न्हाई. पण मी तेच करीन असं लिहून देता येणार न्हाई. मला ते मनापासून वाटत न्हाई."

असे प्रसंग माझ्यासमोर आधी चार-पाच आले होते. त्या सगळ्या मुलांनी न वाचता सह्या केल्या होत्या. एकानं तर "अजून कुठं करू?" म्हणून विचारलं होतं. त्यातल्या कुणाचं मूल आमच्याकडे आलं? एकाचंही नाही. पण कागद पुरा होता, माझी फाईल नीट होती.

"मग मला अर्ज पाठवता येणार नाही," मी म्हणालो. वर एक छोटं व्याख्यानही दिलं. श्रद्धा, वचन, विवाहाचं पावित्र्य. अढीतला आंबा आला की नाही ते आठवत नाही, पण आला असावा. ॲग्नेसच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. जाताना एवढंच म्हणाली, "फादर, तो खोटी सही करायला तयार झाला असता, तर तुम्ही लग्न लावलं असतं. आता आम्ही कचेरीत जातो."

मला तिचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

दोन दिवसांनी भर दुपारी एक जुनी जीप आवारात शिरली. पांढरी टोपी, धोतर, हातात पिशवी. सुकुमारचे वडील, अण्णासाहेब मगदूम. मी चहा विचारला. त्यांनी पिशवीतून स्वतःच्या पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. आमच्या विहिरीचा रिपोर्ट घरापर्यंत गेला असणार.

"फादर, मी भांडायला आलो न्हाई," ते म्हणाले. "मला सुदीक हे लगीन पसंत न्हवतं. आमच्यात पोरी काय कमी हाईत व्हय? पण पोराचं मन बसलंय, ते असू द्या. मला एक इचारायचंय. आमच्या पोरानं सही केली न्हाई म्हंजे ते वाईट हाय का?"

"वाईट नाही हो. पण नियम आहे."

"नियम आसंल. पण ऐका. दुसरं कुनी आसतं तर सही ठोकली आसती आन् म्हागनं हात वर केले आसते. ह्याला सही केली की पाळावी लागती, म्हनून करंना झालाय. त्याच्या आज्याला बी हीच खोड. बाजारात हळदीचा भाव तोंडानं सांगितला की सांगितला, दुसऱ्या दिशी तेजी आली तरी त्याच भावानं द्यायचा. तुमाला जावय कसला पायजे, सांगा. सही करणारा का शब्द पाळणारा?"

अण्णासाहेब बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायले.

"आन् आजून एक. पोरगी आपला देव सोडून आमच्या घरात आली, तर उद्या आमच्या देवाला तरी ती काय धरणार? तिचं तिला ठेवा, फादर. आमाला तसलीच सून पायजे."

ते गेले. मी कपाटावरचा धर्मकायद्याचा ग्रंथ काढला, ज्यातला विवाहाचा भाग मी अकरा वर्षं नीतीच्या तासाला शिकवला होता. आणि माझे कान गरम झाले. वचन द्यायचं असतं ते फक्त कॅथलिक जोडीदारानं. दुसऱ्याला त्या वचनाची नीट कल्पना द्यायची, बस्स. त्याच्याकडून वचन घ्यायचा नियम कधीच रद्द झाला होता. मला ते पाठ होतं. परीक्षेत मी तो प्रश्न घालत असे. पण फॉर्मवर दोन रकाने दिसले आणि मी दोन सह्या मागितल्या. दोन असलेल्या बऱ्या, म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पहिला सद्गुण विवेक, आणि मी तो सायक्लोस्टाईलच्या कागदावर गहाण टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून मी विश्रामबागेत सुकुमारच्या लॅबमध्ये गेलो. तो मातीच्या पुड्या मांडत होता.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "तुझी सही लागतच नव्हती."

मला वाटलं होतं, तो म्हणेल जाऊ द्या फादर. तो म्हणाला, "कायदा दाखवा." मी ग्रंथ पिशवीतून नेलाच होता. त्यानं ते पान सावकाश वाचलं, अडलेलं विचारलं, मग म्हणाला, "तिचं वचन मला ठाऊक आहे, एवढंच लिहायचं? हे खरं हाय. हे लिहून देतो." आणि त्यानं टपोऱ्या अक्षरात लिहून दिलं.

परवानगी आली. लग्न लागलं. साळवे मामांनी लाडू वाटले आणि मगदुमांकडची पंगत सूर्य मावळायच्या आत उठली. ॲग्नेसनं पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे रांगेत येऊन ख्रिस्तप्रसाद घेतला. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटून घ्यायचा आपल्याला हक्क नाही हेही वाटलं.

मग माझी बदली महाबळेश्वरला झाली. छोटं चर्च, मोजकी माणसं, आणि पावसाळ्यात भिंतीतून पाणी. दीड-दोन वर्षं गेली. जुलैमध्ये एकदा आठ दिवस ऊन दिसलं नाही. दोन्ही घाटांत दरडी आल्या होत्या, टॅक्सीवाले बाजारात पत्ते खेळत बसले होते. दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला.

"फादर, सुकुमार बोलतोय. ॲग्नेसची डिलिव्हरी झाली. सातव्यातच. मुलगी हाय. पेटीत ठेवलीय. डॉक्टर म्हणतात, सांगता येत न्हाई."

"आणि ॲग्नेस?"

"ऑपरेशन झालंय. शुद्धीत न्हाई अजून. आत नेताना माझा हात धरून म्हणाली, बाळाचं काही वाईट दिसलं तर फादरना बोलव, बाप्तिस्मा राहू देऊ नको. तुमी येता का?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. सांगलीच्या नव्या फादरांना फोन लावला, ते मुंबईला गेले होते. साळवे मामा त्या आठवड्यात पुण्याला मुलाकडे होते. मी पुन्हा सुकुमारला लावला.

"रस्ते बंद आहेत. मी रात्रीपर्यंतही पोचत नाही. पण सुकुमार, हे तूही करू शकतोस."

मी भराभर समजावलं. जीव जाण्याची वेळ असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो. ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही. बाळाच्या डोक्यावर पाणी सोडायचं आणि एक वाक्य म्हणायचं, बस.

"फादर, मी मानत न्हाई हे. तोंडानं म्हणायचं आणि मनात नसायचं. ते खोटं न्हाई का होणार?"

पोरीचा श्वास चालू-बंद होत होता आणि हा माणूस मला हा प्रश्न विचारत होता. सेमिनरीतल्या एकाही विद्यार्थ्यानं मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. या वेळी मी ग्रंथ काढला नाही. उत्तर मला येत होतं.

"तुझी श्रद्धा लागत नाही. चर्च हे करताना जे करू बघतं, तेच करायची तुझी इच्छा हवी. आहे का?"

मागे कुठलंसं यंत्र टुकटुक वाजत होतं.

"तिनं शब्द दिलाय," तो म्हणाला. "तो मोडायला नको. तेवढी इच्छा हाय."

"तेवढी पुरते."

"पाणी कसलं?"

"साधं. स्वच्छ."

"डिस्टिल्ड चालंल?"

त्या स्थितीतही मला हसू आलं. "चालेल."

त्यानं नर्सला सांगून सुईविना सिरिंज घेतली. पेटीच्या भोकातून हात आत घातला. फोन नर्सनं धरला होता. मी नाव विचारलं, तर अजून ठरलं नव्हतं. "तिच्या मनात मारिया होतं, माझ्या मनात चंदना," तो म्हणाला, आणि मग स्वतःच, "दोन्ही म्हणतो."

मी एकेक तुकडा सांगत गेलो आणि तो माझ्यामागून म्हणत गेला. मारिया चंदना, मी तुला बाप्तिस्मा देतो, पित्याच्या. मध्ये त्याचा आवाज गेला. मी थांबलो. मग पुन्हा आला. पुत्राच्या. आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. झालं. फोन बंद झाल्यावर मी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन गुडघ्यांवर बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. मी त्या पोरीसाठी प्रार्थना केली, आणि त्या अढीतल्या आंब्याबद्दल देवाची माफी मागितली. श्रद्धा देवानंच द्यावी लागते हे मी अजूनही मानतो. पण ती कुणाच्या घरी काय रूपानं पोचवायची, ते त्याचं त्यानं बघावं. त्याला माझ्या वहीची गरज नाही.

मुलगी जगली. दीड महिना पेटीत काढून, मुठीएवढी घरी आली, आणि आता शाळेत जाते, वर्गात भांडणं करते.

बाप्तिस्मा एकदाच होतो. घाईत दिलेला असला तरी पाणी पुन्हा ओतायचं नसतं. पण पवित्र तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती हे विधी राहिलेले असतात, ते मागाहून पुरे करायचे. त्यासाठी मारिया चंदना सहा महिन्यांची झाल्यावर मी सांगलीला आलो. सगळे आले होते. अण्णासाहेब पहिल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. विधी आटोपला, लोक बाहेर मंडपात गेले, आणि मी आतल्या खोलीत झगा उतरवत होतो. दारात सुकुमार उभा.

"फादर, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी आवाज गेला होता माझा. त्यात 'पुत्राच्या' दोनदा म्हणालो मी. एकदा पुटपुटलो, ते तुमाला ऐकू आलं नसंल. मग परत म्हणालो. त्यानं काय बिघडलं तर न्हाई ना?"

सहा महिने हा माणूस हे मनात घेऊन हिंडत होता. जे तो मानत नव्हता, ते आपल्या हातून नीट झालं की नाही, याची काळजी करत होता. मी शेकडो मुलांना बाप्तिस्मा दिला. माझ्या तोंडून शब्द नीट पडले का, ही काळजी मला एका रात्रीसाठीही लागली नव्हती.

"काही बिघडलं नाही," मी म्हणालो. "पुरं झालं. अगदी पुरं."

"नक्की? ॲग्नेसला सांगू?"

"सांग."

तो मटकन बाकावर बसला आणि हमसून रडायला लागला. बाहेर ॲग्नेस त्याला हाका मारत होती, पानं वाढली होती, दिवस कलायला आला होता. मी दार लोटून घेतलं आणि त्याचं रडणं संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिलो.